तुरटीचं चित्र, मंजिष्ठेचा रंग: सुती कापड घरी रंगवताना

पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडली की बहुतेक घरांत एकच नाटक होतं. कुणीतरी घाईघाईने साबण चोळतं आणि पिवळा डाग बघता बघता लाल होतो. मग आतून आवाज येतो, "चोळू नकोस, ओलाच उन्हात टाक." संध्याकाळी सदरा काढावा तर डाग जवळजवळ गेलेला.

वनस्पतींच्या रंगांचे पहिले दोन धडे याच डागात आहेत. साबण अल्कधर्मी असतो, म्हणून हळदीतलं कुरकुमिन हे रंगद्रव्य लाल होतं. हळदीचं कुंकू करताना चुना नाहीतर टाकणखार घालतात, तो याच कारणाने. आणि ऊन कुरकुमिनचा रेणूच मोडतं, म्हणून डाग जातो. डागाच्या बाबतीत हे बरंच आहे. पण मी एकदा हौसेने अख्खा कुडता हळदीत रंगवला होता. आठ-दहा दिवस दोरीवर वाळल्यानंतर त्यावर दोनच पिवळ्या जागा उरल्या, चिमट्यांखालच्या.

त्या कुडत्यानंतर मी रंग शोधणं थांबवलं आणि कापड तयार करायला शिकलो. खाली दिलेली सगळी पद्धत त्यावरच उभी आहे. एक मीटर सुती कापड, तीन पातेली आणि बारा रंग असा हा प्रयोग आहे. शेवटी जवळजवळ त्याच सामानात एक चित्रही काढायचं आहे; त्यासाठीचं लोखंडाचं पाणी मात्र दोन-तीन आठवडे आधी घालून ठेवावं लागतं. भिजवण्या-वाळवण्याचे दिवस धरले तर बारा रंगांना आठवडाभर लागतो, पण प्रत्यक्ष हात लावायचं काम दोन सुट्ट्यांच्या दिवसांत बसतं.

आधी, काय रंगत नाही

बीट, जास्वंद, गोकर्ण, जांभूळ, कोकम, लाल कोबी. या सगळ्यांचं पाणी इतकं देखणं दिसतं की मोह आवरत नाही. गोकर्णीच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळं होतं, सोडा घातला की हिरवट. मुलांना आम्ल-अल्क शिकवायला याच्यासारखं खेळणं नाही. पण त्यातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य सुती धाग्याला घट्ट धरत नाही आणि उजेडात टिकत नाही. बिटाचा रंग वेगळ्या कुळातला, बीटालेन; त्याचीही तीच गत. मीठ किंवा व्हिनेगर टाकल्याने रंग पक्का होतो ही समजूतही सोडून द्या. या दोन्हींत धाग्याला आणि रंगाला एकत्र बांधणारं काहीच नसतं.

गंमत अशी की आपल्या भाषेत रंगांची निम्मी नावं झाडांवरून आलेली आहेत: जांभळा, नारिंगी, डाळिंबी, अबोली, आमसुली, बदामी, कुसुंबी. त्यातल्या जांभळापासून टिकाऊ जांभळा मिळत नाही. डाळिंबी म्हणजे लाल, पण डाळिंबाची साल कापडाला देते पिवळा. कुसुंबी मात्र नावाला जागतो. तो करडईच्या पाकळ्यांतून निघायचा.

मग रंगतं काय? नवशिक्याने तीन गोष्टी धराव्यात: डाळिंबाची साल, झेंडूच्या पाकळ्या आणि मंजिष्ठा ही लाल रंग देणारी औषधी वेल. चौथा हिरडा, पण त्याचं काम वेगळं आहे. नीळ इथे मुद्दाम घेतलेली नाही. ती पाण्यात विरघळतच नाही, तिला आधी प्राणवायू काढून घेतलेल्या हौदात विरघळवावं लागतं, आणि कापड बाहेर हवेत आल्यावर ती पुन्हा निळी होते. तो वेगळाच उद्योग आहे.

सामान

साधारण १०० ग्रॅम भरेल असं एक मीटर सुती कापड घ्या. मांजरपाट, मलमल, खादी, काहीही चालेल, फक्त त्यात पॉलिएस्टर नको. खात्री नसेल तर एक धागा जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून टोकाला काळा मणी धरतो.

काष्ठौषधींच्या दुकानातून ५० ग्रॅम हिरड्याची पूड, ५० ग्रॅम मंजिष्ठेच्या काड्या आणि थोडं हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, आणा. हिरडा मोठा, पिकलेला मागा. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी कुटुंबं गोळा करतात तो बाळहिरडा कोवळा असतो आणि औषधाला जातो. मंजिष्ठेची काडी मोडून बघा. आतून लालसर दिसली पाहिजे. नुसती तपकिरी असेल तर ती जुनी किंवा भेसळीची. तुरटी वाण्याकडची खडा तुरटी चालते. तव्यावर फुलवलेली लाही घेऊ नका, कारण तुरटीच्या खड्यात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं आणि लाहीत ते उडून गेलेलं असतं. मग खाली दिलेलं माप चुकेल.

डाळिंबाच्या साली घरीच साठवा. सोलापूर-नाशिककडचं डाळिंब बाजारात असतं तेव्हा आठवड्याभरात पुरेशा जमतात. सावलीत कडकडीत वाळवल्या की वर्षभर टिकतात. झेंडू तर दसऱ्यानंतर फुकट मिळतो. दारावरची तोरणं सुकली की पाकळ्या खुडून ठेवा, हिरवे देठ काढून टाका, ते रंग मळकट करतात. देवळातलं निर्माल्य घेणार असाल तर कुंकू-गुलाल लागलेली फुलं बाजूला काढा.

भांडी स्टीलची किंवा शाबूत एनॅमलची घ्या. लोखंड नको, तांबं-पितळ नको, ॲल्युमिनियमही नको. आणि एकदा रंगाला वापरलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात आणायचं नाही. मी त्यासाठी मोडीतून दोन पातेली आणि एक झारा आणला आहे. वजनाला सोन्याचा काटा नको, पण एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा हवाच. चमच्यांच्या मापाने केलेला रंग पुन्हा तसाच येत नाही.

मोरचूद आणि क्रोमियमचे क्षार यांची नावं जुन्या कृतींमध्ये सापडतील. ती घरात आणू नका. मोरचूद विषारी आहे, क्रोमियमचे क्षार तर त्याहून वाईट, आणि तुरटी व लोखंड एवढ्यावर आपलं काम भागतं.

पहिली पायरी: कापडाचा मेण काढणे

बाजारातून आणलेलं कापड स्वच्छ दिसतं, पण कापसाच्या धाग्यावर मूळचा मेण आणि पेक्टिन असतं, वर गिरणीची खळ. हे निघालं नाही तर रंग चट्ट्याचट्ट्याने बसतो. चार लीटर पाण्यात ५ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडं रिठ्याचं पाणी घालून कापड तासभर उकळा. खायचा सोडा नव्हे, धुण्याचा. पाणी चहासारखं तपकिरी होईल, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला आपण आजवर काय नेसत होतो असा प्रश्न पडतो. स्वच्छ पाण्यात तीन-चारदा खळबळून वाळवा. मग कापडावर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच जिरला तर काम झालं. मण्यासारखा वर बसून राहिला तर पुन्हा उकळा.

आता कापडाचे सारखे सोळा तुकडे करा. पेनाने लिहिलेलं पुढे टिकणार नाही, म्हणून कडेला कात्रीने खाचा मारा: डाळिंबासाठी एक, झेंडूला दोन, मंजिष्ठेला तीन, हिरड्याला खाच नाही. प्रत्येकाचे तीन तुकडे, म्हणजे बारा झाले. तीन तुकडे चित्रासाठी बाजूला ठेवा. सोळाव्या तुकड्याला गाठ मारा. त्याला हिरडा-तुरटी काहीच दाखवायचं नाही. तो शेवटी साक्षीदार म्हणून लागेल.

दुसरी पायरी: हिरडा

लोकर आणि रेशीम ही प्रथिनं. त्यांना तुरटी थेट धरते. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोजला तुरटीचं फारसं प्रेम नाही. मध्ये ओळख करून देणारं कुणीतरी लागतं. ते काम टॅनिन करतं, म्हणजे तुरट चवीचं द्रव्य. हिरडा खाल्ल्यावर तोंडाला जी मिठी बसते ती टॅनिन जिभेवरच्या, लाळेतल्या प्रथिनांना चिकटल्यामुळे. तसंच ते कापसालाही चिकटतं, आणि मग स्वतः ॲल्युमिनियमला आणि लोखंडाला पकडून ठेवतं.

२० ग्रॅम हिरड्याची पूड लीटरभर गरम पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्यातून गाळा, त्यात आणखी तीन लीटर कोमट पाणी घाला आणि पंधरा तुकडे ओले करून त्यात सोडा. अधूनमधून हलवत दोन तास ठेवा. वर तरंगलेला भाग फिका राहतो, म्हणून हलवणं चुकवू नका. नंतर पिळून सावलीत वाळवा. या टप्प्यावर धुवायचं नाही. तुकडे फिकट पिवळे, हस्तिदंती झालेले दिसतील.

आता एका गोष्टीची काळजी घ्या. हिरडा लावलेलं कापड लोखंडाच्या शोधात असतं. गंजलेल्या तारेवर वाळत घातलं, गंजलेला खिळा लागला, की तिथे काळा डाग आणि तो कायमचा. माझ्या पहिल्या खेपेला सगळ्या तुकड्यांवर एकसारखी करडी झाक आली आणि मला चूक सापडेना. शेवटी लक्षात आलं, नळ बंद होता म्हणून मी गच्चीवरच्या जुन्या लोखंडी टाकीचं पाणी वापरलं होतं. पाण्यातलं लोह ही रंगाऱ्यांची जुनी डोकेदुखी आहे. कच्छमधल्या धमडका गावचे अजरख, म्हणजे तिथली पारंपरिक ठशांची छपाई, करणारे २००१ च्या भूकंपानंतर पाण्याच्या तक्रारीमुळे उठले आणि त्यांनी अजरखपूर नावाचं नवं गाव वसवलं. रंगासाठी गाव हलवणारी माणसं आहेत. आपण निदान टाकी बदलावी.

तिसरी पायरी: तुरटी

१५ ग्रॅम तुरटी कुटून गरम पाण्यात विरघळवा. २ ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या वाटीत विरघळवून तो चमचा-चमचा तुरटीच्या पाण्यात घाला. फसफसेल. तो कार्बन डायऑक्साइड आहे. सगळा सोडा एकदम ओतला तर भांडं उतू जातं. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं, सोड्याने त्याची आम्लता कमी होते आणि ॲल्युमिनियम कापडावर बसायला सोपं जातं. तीन लीटर पाणी करून त्यात हिरडा लावलेले बारा तुकडे रात्रभर ठेवा. चित्राचे तीन तुकडे यात घालू नका.

सकाळी तुकडे साध्या पाण्यात एकदाच हलके खळबळून घ्या. न चिकटलेली तुरटी राहिली तर ती पातेल्यातल्या रंगालाच पकडेल आणि रंग तळाशी गाळ होऊन बसेल.

आत्ता या कापडावर जे झालं आहे ते डोळ्यांना दिसत नाही, पण सगळं काम त्यावरच आहे. धाग्याला टॅनिन, टॅनिनला ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमचा एक हात मोकळा आहे. पातेल्यातला रंगाचा रेणू येऊन तो हात धरेल, आणि ही साखळी पाण्यात विरघळत नसल्यामुळे धुतली तरी सुटणार नाही. मोहेंजोदडोत चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेले सुती कापडाचे अवशेष मिळाले, त्यावर मंजिष्ठेच्या कुळातला रंग ओळखला गेला. म्हणजे कापसाला धातूच्या मदतीने लाल करण्याची विद्या या भूमीवर चार हजार वर्षांहून जुनी आहे.

चौथी पायरी: तीन पातेली

प्रत्येक पातेल्यात तीन तुकडे, म्हणजे साधारण २० ग्रॅम कापड. रंगाची वस्तूही वाळलेली २० ग्रॅमच घ्या. पुढे मोठं कापड रंगवाल तेव्हा हेच प्रमाण: कापडाच्या कोरड्या वजनाइतकी वाळलेली वनस्पती. झेंडू ताजा असेल तर चौपट.

डाळिंबाच्या साली तुकडे करून रात्रभर भिजवा, तासभर उकळा, गाळा. गाळलेल्या पाण्यात ओले तुकडे घालून पाऊण तास मंद आचेवर ठेवा, मग गॅस बंद करून त्यातच गार होऊ द्या. ही गार होण्याची वेळ फुकट आहे आणि रंग त्याच वेळात गडद होतो. डाळिंबाची साल स्वतः टॅनिनने भरलेली असते, त्यामुळे ती चुकणं अवघड. रंग खाकीकडे झुकणारा पिवळा येतो.

झेंडूच्या पाकळ्या अर्धा-पाऊण तास उकळा, बाकी सगळं तसंच. झेंडूचा केशरी रंग ल्युटीन नावाच्या द्रव्याचा, पण ते तेलात विरघळणारं असल्याने पाण्यात उतरत नाही. कापडावर येतो तो फ्लॅव्होनॉइड गटातल्या रंगांचा सोनेरी पिवळा. म्हणून केशरी झेंडू आणि पिवळा झेंडू वापरून रंगात फारसा फरक पडत नाही. झेंडू नसेल तर कांद्याची टरफलं याच पद्धतीने घ्या. त्यातलं क्वेर्सेटिनही याच गटातलं आहे, आणि रंग थोडा तांबूस येतो.

मंजिष्ठेपाशी मात्र घाई चालत नाही. काड्या खलबत्त्यात भरड कुटा. त्यांवर गार पाणी घालून पाच मिनिटांत ते ओतून टाका. त्यातून पिवळट-तपकिरी अंश निघून जातो. मग नवं पाणी घालून रात्रभर भिजवा. इथे जड पाणी चांगलं. एरवी डाळ न शिजवणारं बोअरचं पाणी याच कामी येतं, कारण त्यातलं कॅल्शियम लाल रंग उजळ करतं. लोह मात्र त्यात नको, नाहीतर पुन्हा करडं. सकाळी काड्यांसकट पातेलं अगदी मंद आचेवर ठेवा, काड्या फडक्यात बांधल्या तर बऱ्या. वाफ यावी, पण पाणी उसळू नये. उकळलं की लालात तपकिरी मिसळतो. दीड तास असं ठेवा आणि रात्रभर गार होऊ द्या.

गाठ मारलेला तो सोळावा तुकडा याच पातेल्यात सोडा.

सह्याद्रीत उगवणारी आपली मंजिष्ठा आणि युरोपातली मॅडर या बहिणी आहेत, जुळ्या नव्हेत. मॅडरमध्ये अलिझरिन मुख्य. आपल्या मंजिष्ठेत परप्युरिन आणि मुंजिस्टिन. या मुंजिस्टिनचं नाव सरळसरळ मंजिष्ठेवरून पडलेलं आहे. अलिझरिन १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बनवलं, आणि पुढच्या काही वर्षांतच युरोपातली मॅडरची शेती बसली. त्याच्या बारा वर्षं आधी, १८५६ मध्ये, अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने क्विनाइन बनवता बनवता चुकून जांभळा रंग मिळवला होता. आपल्या कपाटातले बहुतेक रंग त्या चुकीचे वंशज आहेत.

पाचवी पायरी: रंग वळवणे

प्रत्येक पातेल्यातला एक तुकडा साधा ठेवायचा, दुसरा सोड्याच्या पाण्यात बुडवायचा आणि तिसरा लोखंडाच्या. हिरड्याच्या तीन तुकड्यांना पातेलं दाखवलेलंच नाही, पण त्यांचंही हेच करायचं.

सोड्यासाठी लीटरभर गार पाण्यात एक सपाट चमचा धुण्याचा सोडा, पाच मिनिटं. लोखंडासाठी लीटरभर कोमट पाण्यात अर्धा ग्रॅम हिराकस, म्हणजे छोटी चिमूट. त्यात झेंडू, मग मंजिष्ठा, मग डाळिंब आणि सगळ्यात शेवटी हिरड्याचा तुकडा घाला. क्रम उलटा केलात तर हिरड्यातलं टॅनिन सगळं पाणी काळं करून टाकेल. एका वेळी एकच तुकडा, सतत हलवत एक-दोन मिनिटं, आणि लगेच धुवून टाका. हवा तो गडदपणा येण्याच्या जरा आधीच बाहेर काढा, हवेत तो आणखी चढतो.

हिरड्याचा मोतिया तुकडा पाण्यात शिरताच राखाडी, मग जवळजवळ काळा होतो. शाई अशीच बनवत असत. झेंडू शेवाळी होतो, डाळिंब गडद करडा-हिरवट. मंजिष्ठा आमसुली होते, अगदी वाळलेल्या आमसुलाच्या पाठीसारखी. सोड्याने झेंडू नारिंगीकडे सरकतो आणि मंजिष्ठेच्या लालात किंचित जांभळी छटा येते. बाकी दोघांत सोड्याने फरक थोडाच पडतो, पण ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.

हिराकस जास्त झालं म्हणून रंग जास्त पक्का होत नाही. जास्तीचं लोखंड धागा कुजवतं. जुन्या छापील कापडांत फुलं शाबूत आणि त्यांच्या काळ्या रेघांच्या जागी भोकं असं दिसतं, ते यामुळे.

सोळावा तुकडा आता बाहेर काढून धुवा. रात्रभर त्याच पातेल्यात बसूनही तो फारतर मळका गुलाबी निघेल. शेजारचा तीन खाचांचा तुकडा विटकरी लाल. हे दोन तुकडे शेजारी पिन करून ठेवा. "तुम्ही रंगात घालता तरी काय?" असं कुणी विचारलं की मी काही बोलत नाही, हे दोन तुकडे पुढे करतो.

चित्र

मला या सगळ्या उद्योगात खरा रस आहे तो इथे. आतापर्यंत तुरटी कापडभर लावली. ती फक्त हवी तिथे लावली तर? पातेल्यातला रंग फक्त तिथेच बसेल. म्हणजे चित्र बिनरंगी पाण्याने काढायचं आणि उकळत्या नव्हे, नुसत्या तापलेल्या पातेल्यात ते उमटू द्यायचं. राजस्थानातल्या बगरूची छपाई, अजरख, आंध्रातल्या श्रीकाळहस्तीची कलमकारी, सगळ्यांचा गाभा हाच आहे.

काळ्यासाठी दोन-तीन आठवडे आधी तयारी लागते. गंजके खिळे, तारा, नालांचे तुकडे असं २०० ग्रॅम लोखंड, १०० ग्रॅम गूळ आणि दोन लीटर पाणी प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात घालून वर फडकं बांधा. झाकण घट्ट लावू नका, गूळ आंबतो तेव्हा वायू सुटतो. आंबलेल्या गुळातलं आम्ल लोखंड विरघळवतं. वर फेस येईल, वास येईल, भांडं गॅलरीत ठेवलेलं बरं. फेस बसून पाणी गडद झालं की गाळा. हिरडा लावलेल्या चिंधीवर थेंब टाकून बघा. काळा उठला की तयार.

लालासाठी १०० मिलिलीटर गरम पाण्यात १० ग्रॅम तुरटी. हे पाणी रंगहीन असल्याने कुठे लावलं ते दिसत नाही, म्हणून छपाईवाले त्यात गेरू घालतात. तुम्हीही चिमूटभर घाला.

दोन्ही पाणी पातळ असल्यामुळे कापडावर फुटतं. त्यावर उपाय चिंचोक्याची खळ, तीच जी घोंगडीला लावतात. एक चमचा चिंचोक्याचं पीठ वाटीभर पाण्यात कालवून शिजवा, गाळा, आणि दह्यासारखं दाट होईल इतकं मिसळा. कलमकारीवाले वेगळी युक्ती करतात. ते हिरड्यासोबत म्हशीचं दूध लावतात. दुधातल्या स्निग्धांशामुळे रेघ पसरत नाही.

बाजूला ठेवलेल्या तीन तुकड्यांवर आता कुंचल्याने किंवा बांबूच्या काडीने काढा. वारली चित्राची सवय असलेल्या हाताला काडी जास्त जुळते. लोखंडाची रेघ ओढताक्षणी काळी होते. तुरटीची रेघ गेरूमुळे जेमतेम दिसते. दोन्ही समप्रमाणात मिसळून एखादा भाग भरा, तिथे आमसुली येईल. तुकडे तीन दिवस सावलीत राहू द्या.

नंतर भरपूर वाहत्या पाण्यात झटकन धुवा. बादलीत भिजत घातलं तर सुटलेली तुरटी कोऱ्या जागेवर जाऊन बसते आणि तिथेही लाल धरतं. मग मंजिष्ठेचं ताजं पातेलं, आधीसारखंच मंद. अर्ध्या तासात गेरूच्या पुसट रेघा लाल होऊ लागतात. कोरी जागा थोडी मळते. ती उजळायची तर धुवून, पाणी शिंपडत दोन-चार दिवस गवतावर उन्हात पसरा. न बांधलेला रंग ऊन खाऊन टाकतं आणि बांधलेला राहतो. हळदीच्या डागाची तीच युक्ती, फक्त इथे ठरवून केलेली.

कसोटी आणि निगा

बारा तुकड्यांची प्रत्येकी एक पट्टी कापा. तिचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका आणि दक्षिणेच्या खिडकीत पंधरा दिवस ठेवा. शेजारी हळदीत बुडवलेली एक चिंधीही लावा, तुलनेला. मंजिष्ठा आणि डाळिंब बरेच टिकतात, झेंडू मध्यम, लोखंड दिलेले तुकडे बहुतेक वेळा साध्यांपेक्षा चिवट निघतात. पट्ट्या वहीत चिकटवून बाजूला तारीख, वजनं आणि पाणी कुठलं होतं ते लिहा. पुढच्या वर्षी तोच रंग हवा असेल तर या नोंदीशिवाय दुसरा मार्ग नाही.

कपडा शिवून वापरणार असाल तर तो रिठ्याने किंवा सौम्य द्रव साबणाने वेगळा धुवा आणि सावलीत उलटा वाळवा. सालींचा, पाकळ्यांचा चोथा झाडांना घाला. तुरटीचं उरलेलं पाणी आणखी एका छोट्या कापडाला पुरतं, त्यात थोडी तुरटी वाढवा. नंतर भरपूर पाणी मिसळून मोरीत सोडा, कुंड्यांत नको. हिराकस मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा आणि पुडी हाताळताना नाकाला फडकं बांधा, हिरड्याची पूडसुद्धा घशात जाते.

आणि लोखंडी काळ्याला लिंबू चालत नाही. सायट्रिक आम्ल लोखंडाला टॅनिनपासून ओढून घेतं, आणि काळ्यावर पिवळट डाग पडतो. भेळ खाताना हे लक्षात ठेवा. पण एक काळा तुकडा मुद्दाम घेऊन, लिंबाच्या रसात बुडवलेल्या काडीने त्यावर रेघ ओढून बघा. मिनिटभरात काळ्यावर उजळ रेघ उठते, मग लगेच धुवायचं. मी नारळाचं झाड काढलं होतं. झावळ्या बऱ्या आल्या, खोड जरा पसरलं; रसात खळ घालायची राहिली होती.